बरणीतलं हिरवं पाणी

टाकीवाले काकांनी विद्यापीठ पाहिलंच नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्यांनी ते जितक्या गच्च्यांवरून पाहिलं होतं तितक्या गच्च्यांवरून शहरात दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. पाण्याच्या टाक्या साफ करायच्या हा त्यांचा धंदा. झाकण काढून आत उतरायचं, ब्रशने भिंती खरवडायच्या, ब्लीचिंग पावडर मारून सगळं लख्ख करायचं, आणि मग भिजलेले कपडे वाळेपर्यंत कठड्याला टेकून बसायचं. बसलं की समोर तो घड्याळाचा मनोरा दिसायचा, त्याच्या पायाशी झाडांची दाटी आणि झाडांतून डोकी वर काढणाऱ्या इमारती. एवढ्या मोठ्या जागेत टाक्या किती असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा आला होता, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं दुसरा कुठला आलाही नाही.

मग त्यांची एकुलती एक लेक तिथे शिकायला गेली. शिकून झालं तरी परत येईना. म्हणाली, आता संशोधन करणार. काकांनी मान डोलावली आणि बायकोला हळूच विचारलं, "म्हणजे अजून शिक्षण संपलंच नाही का?" बायको म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय, शिकतेय तोवर शिकू दे." विषय तिथेच मिटला.

पण एवढ्या वर्षांत काका फाटकाच्या आत मात्र गेले नाहीत. एकदा लेकीचा विसरलेला डबा घेऊन फाटकापर्यंत गेले होते. तिथून पोरंपोरी बाहेर पडत होती, काखेत पुस्तकं, तोंडात कसली कसली मोठी नावं. काकांनी स्वतःच्या पँटकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत हिरवे डाग. डबा पहारेकऱ्याकडे देऊन ते मागच्या मागे वळले. आपल्यामुळे पोरीला खाली बघायला लागू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. लेकीने कधी तसं काही म्हटलं नव्हतं, पण काकांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

या वर्षी विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं होत होती. जगभर पांगलेले जुने विद्यार्थी येणार होते, मोठा समारंभ होता. लेकीने घरी येऊन हुकूमच सोडला. "बाबा, तुम्ही यायचं. आदल्या दिवशीच या, मी सगळं दाखवते. आमच्याकडे एक जीव आहे, विद्यापीठाइतकाच जुना. सध्या तो मी सांभाळते. काय ते आल्यावर बघा."

त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बायकोचं म्हणणं पडलं की पोपट असेल, पोपट फार जगतात. काकांचा कल कासवाकडे होता.

ठरल्या दिवशी बायकोने इस्त्रीचे कपडे काढून दिले आणि बजावलं, "ती पिशवी घरी ठेवा." पिशवी म्हणजे ब्रश, फडकी आणि पावडरीची पुडी असलेली कामाची पिशवी. काकांनी हो म्हटलं आणि निघताना सवयीने खांद्याला अडकवली. पिशवीशिवाय त्यांना एक खांदा हलका हलका वाटायचा.

लेक फाटकाशीच उभी होती. तिने बाबांचा हात धरला आणि आत नेलं.

लांबून दिसणारी गोष्ट जवळ गेलं की लहान होते, असा त्यांचा अनुभव होता. हे मात्र जवळ गेल्यावर मोठंच होत चाललं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, त्यांची खोडं कवेत न मावणारी. हिरवळीवर पोरं पालथी पडून वाचत होती, कुणी वाद घालत होतं, एक जोडपं वाद मिटवत होतं. एका खिडकीतून कुणीतरी तोच तो सूर पुन्हा पुन्हा वाजवत होतं, चुकत होतं, पुन्हा वाजवत होतं. फळ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ हातात खडू घेऊन नुसतेच उभे होते, आणि समोरची सगळी पोरं त्यांच्याबरोबर गप्प बसून विचार करत होती. असं गप्प बसायला शिकवणारी शाळा काकांनी आधी पाहिली नव्हती.

"हे सगळं तळं होतं, बाबा," लेक सांगत होती. "दलदल. कुणाला नको होती म्हणून विद्यापीठाला दिली. लोक हसायचे. बेडकांचं कॉलेज म्हणायचे. पहिले वर्ग एका जुन्या गोदामात भरले. पोरं घरून बसायला स्टुलं घेऊन यायची."

"आणि आता?"

"आता आमच्याकडे यायला लोक तीन-तीनदा परीक्षा देतात."

ग्रंथालयाच्या दारात तर काकांनी चपला काढायला घेतल्या. लेक हसली, "राहू द्या बाबा." आत डोक्यावर छत कुठे संपतं ते कळत नव्हतं. चार माणसांची उंची भरेल एवढी पुस्तकं, शिड्या लावलेली, आणि खाली शेकडो माणसं, आणि आवाज म्हणून नाही. काकांना एकदम भरून आलं. एवढी माणसं एकाच वेळी काहीतरी समजून घ्यायच्या खटपटीत आहेत, आणि आपली पोर यांच्यातली एक आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत पोचेपर्यंत त्यांचे पाय दुखायला लागले. समारंभाची तयारी जोरात होती. जिकडे तिकडे पुसापुशी, फरशा घासणं, पितळी मुठींना पॉलिश. लेकीची खोली दुसऱ्या मजल्यावर. दाराशी एका खुंटीला तिचा पांढरा कोट. तिने दार उघडलं तेवढ्यात खालून हाक आली, सभागृहात तिला बोलावलं होतं.

"बाबा, पाचच मिनिटं बसा. खरं तर बाहेरच्या माणसाला इथे एकटं ठेवत नाहीत, पण तुम्ही दमलाय. मी चहा घेऊनच येते. मग दाखवते तुम्हाला."

काका बसले. आधी कासव शोधलं. टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. नव्हतं. दुसऱ्या कुठल्या खोलीत असेल. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच थांबली.

खिडकीत, नळीच्या दिव्याखाली, एक मोठी काचेची बरणी होती. तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत गळ्यापर्यंत हिरवंगार पाणी. काचेच्या कडेने हिरवा थर धरलेला.

काका उठून जवळ गेले. शेवाळ. आयुष्यभर ज्याच्याशी झटापट केली ते, आणि ते पोरीच्या खोलीत, खिडकीत, सगळ्यांना दिसेल असं. उद्या जगभरचे मोठे लोक येणार, या दारातून डोकावणार. सगळी इमारत घासूनपुसून ठेवली आहे आणि हिला बिचारीला बरणी विसळायला वेळ झाला नाही. झोपते कधी, खाते कधी, देव जाणे. टाकीवाल्याची पोर, आणि तिच्याच खोलीत शेवाळ, असं कुणी म्हणालं तर?

कोपऱ्यात बेसिन होतं. खांद्याला पिशवी होती. पुढचं सांगायलाच नको.

त्यांनी काम नेहमीसारखंच केलं, म्हणजे चोख. पाणी ओतलं, पावडर घातली, ब्रशने कोपरान् कोपरा काढला, तीनदा विसळली, फडक्याने पुसली. बेसिनमध्ये हिरवी रेघ राहिली होती, तिच्यावरही उरलेली पावडर मारली. बरणी अशी झाली की आहे की नाही ते कळेना. मग त्यांनी ती खिडकीत पालथी घातली आणि खुशीत पाय पसरून बसले.

लेक चहाचे दोन कप घेऊन आत आली. तिने खिडकीकडे पाहिलं. कप पडले नाहीत, तिने ते अगदी सावकाश टेबलावर ठेवले, आणि त्यानेच काकांच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर झालंय.

"बाबा," ती म्हणाली, "बरणीत होतं ते कुठंय?"

"टाकलं की. घाण झाली होती नुसती."

ती खुर्चीवर बसली. बाजूला पडलेला कापसाचा बोळा हातात घेतला. मग म्हणाली, "तोच जीव, बाबा. तुम्हाला दाखवणार होते तो."

काकांनी पालथ्या बरणीकडे पाहिलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तळं बुजवायच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या पहिल्या शिक्षकांनी त्यातलं बाटलीभर पाणी भरून घेतलं होतं. म्हणाले, आपण यांच्या घरावर घर बांधतोय, निदान यांना ओळखून तरी घेऊ. त्या पाण्यातला एकच सूक्ष्म जीव वेगळा काढून वाढवला. तेव्हापासून तो जिवंत होता. दर आठवड्याला नवं क्षारांचं पाणी, ठरलेला उजेड. विभागात सगळे त्याला आजी म्हणत. उजेडाचं अन्न कसं होतं याचं निम्मं ज्ञान आजीवर प्रयोग करून मिळालं होतं, आणि विद्यापीठाचं नाव जगात झालं ते त्यामुळे. दर वर्षी एका विद्यार्थ्याकडे तिची जबाबदारी यायची. थंड कपाटात आजीच्या जादा काचेच्या नळ्या भरून ठेवलेल्या असत, पण गेल्या महिन्यात ते थंड कपाट बिघडलं आणि नळ्या वाया गेल्या. नव्या याच आठवड्यात भरायच्या होत्या. बरणीतून.

"बेसिनमध्ये असेल की थोडं," काका उठले. त्यांनी खाली बसून बेसिनखालची, पाणी साचून राहतं ती वाटी फिरवून काढली. आतलं पाणी ओंजळीत घेतलं. पांढुरकं, पावडरीच्या वासाचं. त्यात काही जगणं शक्य नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? जन्मात पहिल्यांदा त्यांना आपल्या हातच्या सफाईचा राग आला.

"पोरी, तुझं काय करतील?"

लेकीने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. "पहिल्या सरांपासूनचा दंडक आहे. ज्याच्या हातून आजी गेली, त्याने कोट काढून ठेवायचा आणि विभाग सोडायचा. आजवर कुणावर वेळ आली नाही."

विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्यांचं दालन त्याच मजल्यावर होतं. बुटक्याशा, पांढऱ्या केसांच्या, आणि डोळ्यांत धाक असलेल्या. लेक त्यांच्यासमोर उभी राहिली आणि काकांना काही समजायच्या आत म्हणाली, "मॅडम, आजी गेली. माझ्या हातून. बरणी धुतली गेली."

"हिच्या हातून नाही," काका दारातूनच म्हणाले. आत जायचा धीर नव्हता, पण आवाज आला. "मी धुतली. हिचा बाप. मी टाक्या धुतो. मला वाटलं घाण आहे. तुम्ही मला काय ते बोला, पोलिसात द्या, पण हिला काढू नका. हिचा काही दोष नाही."

"मी त्यांना एकटं बसवलं, तो माझाच दोष," लेक म्हणाली.

मोठ्या मॅडम उभ्या राहिल्या, खिडकीशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. काकांना वाटलं, आता संपलं. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या ओरडल्या नाहीत.

"तुमची मुलगी इथे आली ना, तेव्हा मी तिला विचारलं होतं, शेवाळच का?" त्या काकांना म्हणाल्या. "तुम्हाला माहितीय ती काय म्हणाली? म्हणाली, माझे बाबा आयुष्यभर हे खरवडतात आणि दर वेळी ते परत येतं. कुठून येतं ते मला बघायचंय. सगळ्या विभागाला ठाऊक आहे ते. नवी पोरं आली की मीच सांगते."

काकांनी लेकीकडे पाहिलं. म्हणजे पोरीने लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, वर मान करून सांगितलं होतं. आणि आपण फाटकातून पळालो होतो. त्यांना लाज वाटली, पण ती वेगळीच लाज होती.

"दंडक मात्र दंडक आहे," मोठ्या मॅडम पुढे म्हणाल्या. "कोट खुंटीलाच राहू दे. पण एक आशा आहे. इथून जाताना प्रत्येक जण आजीची एक नळी सोबत नेतो. आपली पद्धतच आहे ती. नेऊन पुढे कुणी सांभाळली का, ते मात्र आपण कधी विचारलं नाही. माणसांची लग्नं होतात, बदल्या होतात, घरं बदलतात. कोण कशाला हिरव्या पाण्याची नळी घेऊन फिरेल? तरी निरोप पाठवते. उद्या येणाऱ्यांत कुणाकडे असेल तर असेल."

घरी विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातात, तसंच हे. पण शेजार सगळ्या जगभर पसरलेला, आणि वाटीत काही पडेलच याची खात्री नाही. त्या रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. बायकोने विचारलं, "पोपट होता का कासव?" ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी ते तिथे गेले, आपल्या पायांनी, कुणी न बोलावता. विभागाच्या दालनात लांब टेबल मांडलं होतं. त्यावर मधोमध ती लख्ख बरणी आणि बाजूला नळ्या उभ्या करायचा लाकडी घोडा, भोकाभोकांचा, रिकामा. लेक साध्या कपड्यांत भिंतीशी उभी होती. काका तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पहिल्यांदा एक बाई आल्या, उंच, परदेशी वळणाचा कोट घातलेल्या. मोठ्या मॅडमना मिठी मारली आणि पर्स उघडून म्हणाल्या, "सॉरी. माझी गेली. तिसऱ्या घरात उन्हाने मेली. पण नळी आणलीय." त्यांनी रिकामी नळी घोड्यावर ठेवली.

दुसऱ्याची रिकामी. तिसऱ्याने आणलीच नव्हती, तो नुसताच मान खाली घालून बसला.

मग एक फार म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. दम लागला होता. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, घरातून रुमाल, रुमालातून नळी. ती त्यांनी उजेडाकडे धरली.

हिरवी.

म्हातारे म्हणाले, "बायको म्हणायची, मुलांपेक्षा हिची काळजी जास्त करता." आणि त्यांनी ती जपून घोड्यावर ठेवली.

त्यानंतर जणू दारच उघडलं. एकीने थर्मासमधून काढली. एकाकडे नळी फुटली होती म्हणून औषधाच्या बाटलीत होती. एकाने विमानात बाटली काढायला लावली म्हणून अर्धा तास हुज्जत घातली होती, ती सगळी हुज्जत त्याने पुन्हा करून दाखवली. कुणाचं पाणी फिकट, कुणाचं गडद, कुणाचं तळाशी बसलेलं. मोठमोठ्या प्रयोगशाळांचे प्रमुख, डॉक्टर, शाळेतल्या शिक्षिका, एक तर विद्या सोडून बेकरी चालवणारा. एकेक येत होता आणि खिशातून हिरवा ठिपका काढून ठेवत होता. काका तोंडात बोट घालायचे बाकी होते. काल त्यांना वाटलं होतं की विद्यापीठ म्हणजे ते ग्रंथालय आणि तो मनोरा. आता कळलं की ते भिंतींत मावलेलंच नव्हतं. कुठल्या कुठल्या शहरांत, कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत ते उन्हाला ठेवलेलं होतं, आणि कुणीतरी रोज उठून त्याच्याकडे बघत होतं.

शेवटी एक तरुणी आली. ती कधी इथे शिकलेली नव्हती. म्हणाली, "बाबांना निमंत्रण आलं होतं. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. ही त्यांच्या टेबलावर असायची. काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. पण बाबा तिला जपायचे, म्हणून आई आणि मी त्यांच्यासारखंच करत राहिलो. काल निरोप आला तेव्हा कळलं." तिची नळी सगळ्यांत गर्द होती.

मोठ्या मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग प्रत्येक नळीतला थेंब काचेवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिल्या. कुणाकुणाच्या नळीत दुसरे जीव घुसले होते, त्या बाजूला काढल्या. त्या तरुणीच्या नळीपाशी थांबल्या. फार वेळ पाहिलं. "हीच," म्हणाल्या. "शुद्ध आहे. हीच आमची आजी."

काकांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या मॅडमनी त्यांना हाक मारली. "या काका. ज्याला धुतलंत त्याचं तोंड तरी बघा."

सगळे हसले. त्या हसण्यात टोचणी नव्हती. काकांनी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात हिरवे हिरवे दाणे, आणि दाणे पळत होते. प्रत्येकाला समोर केसासारखे दोन हात, ते हलवत हलवत सगळे एकाच दिशेला निघालेले.

"कुठे चाललेत हे?"

"उजेडाकडे," लेक शेजारून म्हणाली. "यांना डोळ्यासारखा एक ठिपका असतो, बाबा. तो लाल दिसतोय ना, तो."

काका बराच वेळ तसेच वाकून राहिले. आयुष्यभर ब्रश मारला, पण यांना कधी पाहिलं नव्हतं. यांना उजेड कळतो, ते उजेडाकडे जातात. उठले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या वेळी त्यांनी चष्म्याचं निमित्त केलं नाही.

बरणी पुन्हा धुवावी लागणार होती. पावडरीचा अंशही राहून चालणार नव्हता. मोठ्या मॅडमनी ब्रश काकांच्याच हातात दिला. ते म्हणाले, "नको, माझा हात वाईट." त्या म्हणाल्या, "धुवा हो." त्यांनी नुसत्या पाण्याने, ब्रश बाजूला ठेवून, तळहाताने धुतली. मग लेकीने नळीतलं पाणी नव्या पाण्यात सोडलं. बरणी जवळजवळ पांढरीच दिसत होती, नीट पाहिलं तर हिरवी झाक. हिरवी व्हायला काही आठवडे लागतील, विभागातले म्हणाले. मोठ्या मॅडम लेकीच्या खोलीपाशी गेल्या, खुंटीवरचा कोट घेऊन आल्या आणि तिच्या खांद्यावर टाकला.

निघताना त्यांनी काकांच्या हातात बोटभर नळी ठेवली, त्या तरुणीच्या नळीतलं थोडं राखून भरलेली. काका मागे सरले. "मला कशाला? मी कुठे इथे शिकलोय?"

"काल दुपारपासून शिकताय की," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर काकांनी नळीतलं पाणी लेकीने दिलेल्या छोट्या बाटलीत घातलं आणि बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बायको घासणी घेऊन तिच्याकडे वळली. "अहो, ही बाटली बघा, शेवाळ धरलंय, आणा इकडे धुऊन टाकते." काका जेवता जेवता उठले, खरकट्या हाताने मध्ये उभे राहिले. "हात लावायचा नाही," म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला असं काही पहिल्यांदाच सांगितलं होतं. बायको त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग त्यांनी तिला बसवून सगळं सांगितलं, अगदी बरणीपासून. ती हसून हसून थकली, आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "बरं, पाणी कधी बदलायचं असतं ते मलाही सांगून ठेवा."

वर्ष होत आलं तेव्हा लेक घरी आली. खिशात एक रिकामी नळी होती. विभागाने आता नवा नियम केला होता. जादा नळ्या कपाटात एकाच बरणीच्या ठेवायच्या नाहीत, बाहेर जिथे जिथे आजी जगलीय तिथल्या ठेवायच्या. लेकीने एक थेंब आधीच तपासायला नेला होता. काकांकडची शुद्ध निघाली होती.

काकांनी हात नुसत्या पाण्याने तीनदा धुतले आणि स्वतः नळी भरली. लेकीने चिठ्ठी काढली. कुणाकडची ते प्रत्येक नळीवर लिहायचं असतं, म्हणाली. बाकीच्यांवर विद्यापीठांची नावं आहेत, दवाखान्यांची आहेत, एकीवर बेकरी आहे.

"तुझंच नाव लिही," काका म्हणाले.

ती लिहीत बसली. लिहून झाल्यावर नळी त्यांच्यासमोर धरली. चिठ्ठीवर तिच्या बारीक अक्षरात होतं, 'बाबा. टाक्या साफ करतात.'

काकांनी ते दोनदा वाचलं. कामाची वेळ झाली होती, दोन गच्च्या बाकी होत्या. त्यांनी ब्रश आणि पावडरीची पुडी पिशवीत टाकली, बाटली थोडी उन्हाकडे सरकवली, आणि पिशवी बाटलीला लागू नये म्हणून दुसऱ्या खांद्याला अडकवून बाहेर पडले.